मेथीच्या वाफ्यांखाली काय होतं

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मेथीचे वाफे पाहिले आणि धाकटीने विचारलं, आजी, ही जागा आधीपासून इतकीच सुंदर होती का? मी हो म्हणाले. तुमची शाळेला निघायची घाई होती आणि खरं उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. पण ती थाप होती. म्हणून हे लिहायला बसले आहे, आणि आत्ताच बसले आहे, कारण वास अजून नाकात आहे. पुढच्या वर्षी सांगायला घेतलं तर मी ते गोड करून सांगेन. म्हाताऱ्या माणसांचं तसं होतं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला आपलं आपण वाचता आलं असतं. जन्मभर मी तीच भाषा शिकवली. एक पानभर लिहूनही पाहिलं, पण ते पान फारच स्वच्छ दिसायला लागलं. मी फाडून टाकलं. बाबा तुम्हाला हे वाचून दाखवील. मध्येच अडखळला तर समजा की एखादा शब्द गाळतो आहे. गाळू देऊ नका.

आपल्या वाशीमजवळच्या मालेगावच्या घराला लागून जो मोकळा प्लॉट आहे तो तुमच्या आजोबांनी भाजीसाठी घेतला होता. ते नोकरीवरून आले की चहासुद्धा न घेता तिकडे जायचे. वांगी, मुळा, पालक, आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. मग ते आजारी पडले. आम्ही उपचारासाठी नागपूरला राहिलो, आणि ते गेल्यावर मी तुमच्या आत्याकडे राहिले. घर बंद होतं. मी परत आले तेव्हा प्लॉटची रस्त्याकडची भिंत एका ठिकाणी पडलेली होती आणि आतलं काही दिसत नव्हतं, इतकं माजलं होतं.

तुमच्या बाबाचं म्हणणं, विकून टाकू. गिऱ्हाईकही आलं होतं, मोटरसायकलवर बसूनच पाहून गेलं. आम्ही फोनवर दोन-तीनदा भांडलो आणि शेवटी ठरवलं की बाबा नाताळात येईल तेव्हा त्या जमिनीतली भाजी ताटात असली तर प्लॉट राहील, नसली तर मी मुकाट्याने सही करीन. मुकाट्याने हा शब्द त्याचा होता.

दिवाळीच्या आधी कामाला बाई मिळत नाही, सगळ्या सोयाबीनच्या सोंगणीला गेलेल्या असतात. दिवाळी झाली आणि दोघी मिळाल्या, एक वयस्क आणि एक तिची सून. पण त्या येण्याच्या आधी मी एकटी एकदा आत गेले. काठी घेऊन, गमबूट घालून, नाकाला रुमाल बांधून.

गवत मला ओळखीचं होतं. गाजर गवत छातीइतकं, खाली तरोटा, त्याच्याही खाली हराळीची जाळी, आणि शेजारच्या भिंतीलगत बेशरमचं रान. त्याची मला किळस नाही. गवताचा धर्मच वाढण्याचा आहे. पण पाय टाकला तो गवतावर पडलाच नाही. पिशव्यांवर पडला. मऊ, फुगलेल्या, गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. एक पायाखाली फुटली आणि काळं पाणी बुटावर आलं. आत झेंडूची फुलं होती, निदान एके काळी असावीत. देवाला वाहिलेली फुलं पायदळी येऊ नयेत म्हणून लोक ती कचऱ्याच्या गाडीत टाकत नाहीत. प्लास्टिकमध्ये बांधतात, घट्ट गाठ मारतात, नमस्कार करतात आणि दुसऱ्याच्या प्लॉटमध्ये भिरकावतात.

फुलांच्या सोबतीला बाकीचं सगळं आलेलं होतं. लहान मुलांचे वापरलेले डायपर, कागदात गुंडाळलेले आणि न गुंडाळलेले पॅड, औषधाच्या पट्ट्या, दारूचे पव्वे, फणीतून काढलेल्या केसांचे गोळे, एक फुटकं कमोडचं झाकण. डुकरांनी ते सगळं उकरून, पसरून, त्यात स्वतःची भर घातली होती. एक मेलेलं पिल्लूही होतं. कशाचं ते पाहायला मी वाकले नाही.

मी तिथे उभी असतानाच वरून एक पिशवी आली आणि माझ्या पुढ्यात पडली. वर पाहिलं तर मागच्या घराच्या गच्चीवर एक बाई. माझ्याकडे पाहून ती जराही दचकली नाही. "मॅडम, तुमी हायत काय खाली? मले वाटलं कोनीच नाई," म्हणाली, आणि आत गेली. कोणी नसताना टाकलं तर ते टाकणं नसतं, असा त्यामागचा विचार. मी पिशवी उचलून तिच्या दाराशी ठेवून आले. दुसऱ्या दिवशी तीच पिशवी, तीच गाठ, पुन्हा प्लॉटमध्ये.

दोघी कामाला आल्या. विळ्याने गवत कापायचं, मुळं कुदळीने काढायची, आणि कचरा वेगळा गोळा करून नगरपंचायतीच्या गाडीत टाकायचा, असं मी ठरवून दिलं. सून मुकाट काम करायची. सासूला खर्ऱ्याची सवय. घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकायची आणि त्याची ती छोटी प्लास्टिकची पन्नी तिथेच, नुकत्या साफ केलेल्या जागेवर टाकायची. मी पन्नी उचलून तिच्या हातात दिली. तिने पदराला बांधली. थोड्या वेळाने पाहते तर दुसरी पन्नी खाली. मग थुंकी. तांबडी, लांब, अगदी नेमकी नव्या मातीवर. मी म्हणाले, इथे आपण खायची मेथी पेरणार आहोत. ती म्हणाली, "पेरल्यावर नाई थुकणार न मी, मॅडम." आणि तिच्या दृष्टीने विषय संपला. सून हसली. मलाही हसू आलं असतं, जर ते माझ्या बुटाजवळ नसतं पडलं.

गवत निघालं तसं कोपऱ्यातलं निंबाचं झाड उघडं झालं, आणि झाडाखालचे देव.

इकडची ही रीत तुम्हाला माहीत नसेल. देवाची तसबीर जुनी झाली, काच तडकली, घराला नवा रंग दिला आणि ती शोभेनाशी झाली, तर ती फेकत नाहीत आणि जाळतही नाहीत, पाप लागतं. कुठल्या तरी झाडाच्या बुंध्याशी नेऊन टेकवतात. झाड सांभाळील. आमच्या निंबाला सांभाळायला पुष्कळ दिले होते. लक्ष्मी, दत्त, सत्यनारायण, शंकर-पार्वती, रंग उडून गिलाव्याचा गोळा झालेला गणपती, देवांची चित्रं असलेली कॅलेंडरं. काचांच्या आत बुरशी आणि मुंग्यांची अंडी. सुरुवात या देवांपासूनच झाली असणार. आधी देव आले, देवांमागून फुलं, फुलांच्या पिशव्या पाहून बाकीच्यांना धीर आला.

सासूबाईने विळा खाली ठेवला. "ह्याइले मी हात नाई लावत, मॅडम. आपल्यातल्यानं देव उचलले तं उद्या लोकं म्हणतीन, यायनंच फेकले."

ती बाई आणि आपण एकाच समाजाचे. तुमच्या पणजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आपल्या घरात देव्हारा नाही, हे साऱ्या लेआउटला, म्हणजे आमच्या वसाहतीला, माहीत आहे. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. लोक आपले देव आपल्याच हाताने उकिरड्यावर ठेवतात, पण आपण ते उकिरड्यावरून हलवले तर त्यांच्या भावना दुखावल्या असत्या. मी रात्रभर त्याच्यावर विचार केला नाही. मला राग आला होता आणि रागात माझं डोकं व्यवस्थित चालतं.

मी साबणाचं पाणी केलं. एकेक तसबीर अंगणात आणली, ब्रशने घासली, काच पुसली, उन्हात वाळवली. हात कोपरापर्यंत लिबलिबीत झाले. त्या तसबिरी बहुतेक लग्नात नाहीतर घराच्या वास्तूला भेट आलेल्या, त्यामुळे प्रत्येकीच्या खाली पेंटरने रंगवलेली पट्टी. सप्रेम भेट, आणि देणाऱ्याचं नाव. मामा-मामी, ऑफिसमधले सहकारी, शिरपूरचे व्याही. घासल्यावर नावं छान उठून दिसायला लागली. मग मी ते सगळे देव रस्त्याकडच्या उरलेल्या भिंतीवर ओळीने उभे केले, तोंडं रस्त्याकडे करून. ज्याचा असेल त्याने न्यावा.

सकाळी भिंतीसमोर माणसं थांबायला लागली. समोरच्या घरातले निवृत्त गृहस्थ, ज्यांना बोलल्याशिवाय फिरणं पचत नाही, म्हणाले, "मॅडम, शाळेत पोट्टे वर्गाबाहेर उभे करत होत्या, आता देव उभे केले काय?"

मी म्हणाले, पोरांचे पालक न्यायला यायचे. यांचे येतात का पाहू.

एका तरुणाने देव उन्हात काहून ठेवले म्हणून आवाज चढवला. मी त्याला विचारलं, यातला तुझ्या घरचा कुठला? तो पुढे गेला. उघड्यावर कोणीच काही नेलं नाही, पण संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला ओळ थोडी थोडी कमी व्हायला लागली. आठवडा संपायच्या आत भिंत रिकामी झाली. मला बरं वाटलं. वाटलं, निदान लाज तरी शिल्लक आहे.

मग रोपं आणायला रिसोडला निघाले. एसटी आमच्या लेआउटच्या टोकाच्या वळणावर हळू होते. तिथे एका दुसऱ्या मोकळ्या प्लॉटमध्ये एक बाभूळ आहे. बाभळीखाली लक्ष्मी, दत्त, सत्यनारायण, शंकर-पार्वती. मी घासलेल्या काचा उन्हात चमकत होत्या. बाजूला एक गाठ मारलेली पिशवीही आली होती. मी खिडकीची काच लावून घेतली.

आता राहिला होता बेशरमचा कोपरा. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण तो शेजारणीच्या भिंतीचा. ही शेजारीण तुमच्या लक्षात असेल. तुम्ही लहानपणी आलात तेव्हा तिने तुम्हाला भिंतीवरून शेवया दिल्या होत्या. आमची वर्षानुवर्षांची ये-जा. संक्रांतीला तिच्याकडून तिळाची पोळी, वैशाखी पौर्णिमेला माझ्याकडून खिरीचा डबा. मी तिला वहिनी म्हणते, ती मला मॅडम. आजोबा गेले तेव्हा पहिला चहा तिच्याच घरून आला होता.

बेशरमची झाडं छाटून चालत नाही. फांदी ओल्या मातीवर पडली तरी रुजते. म्हणून सब्बल, म्हणजे पहार, घालून बुंध्यासकट उपटायला घेतली. आणि जितकं आत जावं तितकी माती जास्त ओली, मग चिखल, मग साबणाचा फेस असलेला राखाडी गाळ, त्यात बारीक तांबड्या अळ्या वळवळत असलेल्या. वास न्हाणीघराचा, आणि न्हाणीघरापेक्षा वाईट. शेवटची झाडं पडली तेव्हा भिंतीच्या पायथ्याशी पाइपाचं तोंड दिसलं. वहिनींच्या मोरीचं सगळं पाणी भिंत फोडून माझ्या प्लॉटमध्ये सोडलं होतं. पुढच्या बाजूला नाली आहे, पण तिथवर पाइप न्यायला त्यांचं अंगण खणावं लागलं असतं.

पाइपाच्या तोंडाखाली एक फळी तिरपी खोचली होती, पाणी त्यांच्या घराच्या पायाकडे न मुरता माझ्याकडे वाहावं म्हणून. सुनेने ती ओढून काढली, पाण्यात खंगाळली आणि माझ्याकडे पाहिलं. फळी नव्हती ती. तसबिरीची चौकट होती, पाठीच्या प्लायसकट. काच नव्हती. चित्राचा लगदा झाला होता, पण डावीकडे वरच्या बाजूला पिंपळाची दोन पानं आणि प्रभामंडळाचा तुकडा शिल्लक होता. खालची पट्टी ऑइलपेंटची, ती तशीच. सप्रेम भेट. आणि खाली तुमच्या आजोबांचं नाव.

वहिनींच्या वास्तूला आम्ही बुद्धाची तसबीर दिली होती. आजोबांनी पेंटरकडे स्वतः उभं राहून अक्षरं काढून घेतली होती, काना वाकडा झाला म्हणून एकदा पुसायलाही लावली होती.

बाकीच्यांचे देव निंबाखाली टेकवले होते. बुद्ध मोरीखाली होता. मुलांनो, मला तेव्हा रडू आलं नाही. उलटी आली. बाजूला जाऊन केली, तोंड धुतलं, हात धुतले, साडी बदलली आणि चौकट घेऊन वहिनींच्या दारात गेले.

त्या तांदूळ निवडत होत्या. चौकट पाहिली आणि ओळखली, ते मला दिसलं. म्हणाल्या, "पोट्ट्यानं लावली असन. त्याले काय समजते."

मी म्हणाले, त्याला समजत नसेल. पण तुम्हाला?

त्यांनी तांदळातला हात काढला नाही. "आता तुमीच सांगा मॅडम. तुमच्यातला फोटो आमच्या देवघरात कसा ठेवाव? सासूबाई होत्या तवा. ठेवता येत नाई, जाळता येत नाई. फेकला तं तुमाले दिसन."

"मग परत द्यायचा होता."

"काय बोलता," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरोखरच धक्का बसला होता. "दिलेली भेट कोनी वापस करते काय? तुमाले किती वाईट वाटलं असतं."

त्या हे मनापासून बोलत होत्या. माझं मन दुखू नये म्हणून. मला सगळ्यात जास्त शिसारी त्या वाक्याची आली, अळ्यांपेक्षाही. आणि मग त्यांनी विचारलं, चहा ठेवू काय?

मी चहा नको म्हटलं आणि पाइपाचं विचारलं. मोरीच्या पाण्यावर भाजी लावता येत नाही, आणि माती सुकली नाही तर नाताळापर्यंत माझ्या हातात काही लागणार नाही, हे त्यांना माहीत होतं. सगळ्या लेआउटला माहीत होतं की मॅडमचा प्लॉट राहणार की जाणार हे मेथीवर आहे. वहिनी म्हणाल्या, "पाहू. यायले सांगतो."

त्यांच्या यजमानांना ते कळलं की नाही कोण जाणे. पाइप वाहत राहिला. मी चौकट साबणाने घासली, लगदा काढला नाही, आणि देव जिथे उभे केले होते त्या भिंतीवर ठेवली. एकटीच. त्यांच्या फाटकासमोर येईल अशी. मुद्दाम ठेवली, हे बाबाने वाचताना गाळू नये. येणारा-जाणारा थांबायचा, पट्टी वाचायचा, वरचा लगदा पाहायचा आणि कुठे सापडली म्हणून विचारायचा. मी पाइप दाखवायची. तेवढंच. समोरच्या गृहस्थांनीसुद्धा त्यावर विनोद केला नाही.

मग वहिनींच्या मुलासाठी सोयरे यायचं ठरलं. मुलीकडचे, वाशीमचे, घर पाहायला येणार. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मिस्त्री आला, अंगण खणलं गेलं, पाइप पुढच्या नालीला जोडला, भिंतीचं भोक सिमेंटने बुजवलं. मला कोणी काही सांगितलं नाही. सोयरे आले तेव्हा भिंतीवर चौकट नव्हती. ती माझ्या फाटकाच्या आत, पायरीवर, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. शेवटी भेट वापस आली.

पाणी थांबलं तशी माती फुटायला लागली. गाळ वरवर खरवडून काढला, त्या कोपऱ्यात चुना टाकला, तिथे काहीही पेरायचं नाही असं ठरवलं. उरलेली जमीन दोघींनी खणली. खणताना निघालेल्या काचा, सुया आणि प्लास्टिकच्या चिंध्यांनी घमेली भरली, आणि मला खात्री आहे की अजून तितकंच आत आहे. शेणखत शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याकडून आणलं, चांगलं कुजलेलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नाकाला बरा वाटलेला तो वास. वाफे बांधले, मी दोरी धरून सरळ करून घेतले. सासूबाईने मेथी फेकली, सांबाराचे धणे चिरडून टाकले, आणि वरून सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, पातळ पसरलं. पेरल्यावर ती थुंकली नाही. शब्दाची पक्की निघाली, पन्नी मात्र टाकलीच.

नाताळात बाबा आला. मी मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी वाढली. पहिला घास घेण्याआधी त्याने विचारलं, धुतलीस ना नीट? मी म्हणाले, तू जन्मात काही धुऊन खाल्लं नसशील इतक्या वेळा. त्याने दोनदा भाजी घेतली आणि जेवण झाल्यावर गिऱ्हाइकाला फोन करून आत्ता नाही म्हणून सांगितलं. आत्ता, हा शब्द मी ऐकला. तोही त्याचाच. स्वयंपाकघरात टांगलेली चौकट त्याने पाहिली, पट्टी वाचली, पण विचारलं काही नाही. आता वाचतो आहे तर त्याला कळेल.

भिंतीवरून आता डबे येत-जात नाहीत. वहिनी दिसल्या की मॅडम म्हणतात, मी वहिनी म्हणते. रस्त्याकडची भिंत बांधून घेतली आहे, तरी आठवड्यातून एखादी पिशवी येतेच. मी ती गाडीत टाकते.

प्लॉट आहे. निंब आहे. मेथीची दुसरी कापणी झाली, वांग्याला फुलं आली आहेत. चौकटीत पिंपळाची दोन पानं आहेत आणि पट्टीवर आजोबांचं नाव नीट वाचता येतं.